गॅप जीन आणि पेअर-रूल जीन यांच्यात फरक काय? कीटकांच्या गर्भात सेगमेंट कसे पडतात? (एम.एस्सी. झूऑलॉजी, व्हायव्हा जवळ आलाय)

फरक सोपाय. सेगमेंट म्हणजे कीटकाच्या शरीराचे एकामागोमाग असलेले आडवे भाग. गॅप जीन बिघडला की अळीचा सलग तुकडाच गायब होतो, म्हणजे क्रुपेल हा गॅप जीन गेला तर छाती आणि पोटाचे पुढचे सेगमेंट एकदम जातात. पेअर-रूल बिघडला की एक आड एक जातात. त्यांच्या आधी आईकडनं अंड्यात आलेला, पुढची बाजू ठरवणारा बायकॉइड, नंतर सेगमेंटची हद्द पक्की करणारे एन्ग्रेल्ड-विंगलेस वगैरे, ते तुम्हाला माहीत असणारच. पाठांतर करू नका, म्युटंट म्हणजे जीन बिघडलेल्या अळ्यांचे फोटो बघा. न्युसलाइन-फोलहार्ड बाई आणि वीशाउस हे शास्त्रज्ञ जर्मनीत हायडलबर्गला हेच करायचे, दोघांना एकदम बघता येईल अशा मायक्रोस्कोपला समोरासमोर बसून अळीच्या कातडीवरचे काटेरी पट्टे बघायचे, छातीचे तीन बारीक, पोटाचे आठ ठळक, त्यातला कुठला नाही ते लिहून ठेवायचे. १९८० ला पेपर आला, १९९५ ला नोबेल, एडवर्ड लुइससोबत.

पण तुम्ही "कीटकांच्या गर्भात" असं विचारलंय आणि तिथं मला गप्प बसवत नाही. वर लिहिलं ते फळमाशीचं, म्हणजे ड्रॉसोफिलाचं आहे हो, सगळ्या कीटकांचं नाही.

मी एम.एस्सी. सोलापूरलाच केलं, कॉलेजचं नाव घेत नाही. प्रोजेक्टला सगळी बॅच ड्रॉसोफिला घेऊन बसलेली, लॅबभर सडक्या केळ्याचा वास. मी म्हटलं आपण पिठातले किडे घेऊ, ते तांबडे बारीक असतात ते, ट्रायबोलियम. मंगळवार पेठेत ओळखीच्या दुकानदाराला जुना रवा मागितला तर म्हणाला, "काय बे, माझं दुकान बंद पाडतोस का?" शेवटी घरच्याच डब्यात सापडले, आई त्यावरनं अजून ऐकवते. किडे मैद्यात सोडायचे, दोनेक दिवसांनी चाळणीनं किडे वेगळे काढायचे, मग त्याहून बारीक जाळीनं अंडी. अंडं मिलिमीटरच्या अर्ध्याहून थोडं मोठं, चिकट, त्याला चौफेर पीठ लागलेलं असतं त्यामुळं अंडं कुठलं आणि पिठाची गुठळी कुठली तेच कळत नाही, पातळ ब्लीचमध्ये धुतलं की वरचं साल निघतं आणि मग आतलं काहीतरी दिसायला लागतं. या किड्यांना ३०-३२ डिग्री मानवते, त्यामुळं आपल्याकडं इनक्युबेटर लागतच नाही, उलट एप्रिलमध्ये बाटल्या माठाशेजारी ठेवायला लागायच्या.

तर व्हायव्हाला एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक आले. पहिलाच प्रश्न, इव्हन-स्किप्ड या पेअर-रूल जीनचे सात पट्टे, म्हणजे गर्भात तो जिथं चालू असतो ते, कसे पडतात. मी म्हटलं सर, माशीत प्रत्येक पट्ट्याची वेगळी सोय आहे. ते म्हणाले छे, एकच यंत्रणा सात वेळा चालते, सगळ्या कीटकांत तसंच, मुळाशी बायकॉइड.

आता बघा, अशोक चौकात माझ्या मित्राच्या घरी लूम आहेत, जकार्डवर पत्त्यांची माळ असते, माळ संपली की परत पहिल्या पत्त्यापासून सुरू, म्हणून चादरीवर तेच डिझाइन परत परत येतं. सरांच्या डोक्यात माशी म्हणजे ही माळ. आणि माशी नेमकी तशी नाही! दुसऱ्या पट्ट्याचं घ्या, त्याच्या एन्हान्सरला, म्हणजे जीन कुठं चालू व्हायचा ते ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला, बायकॉइड आणि हंचबॅक हा गॅप जीन चालू करतात, पुढच्या बाजूनं जायंट हा दुसरा गॅप जीन अडवतो, मागच्या बाजूनं क्रुपेल, मधे जी चिंचोळी जागा उरते तिथं पट्टा. तिसरा आणि सातवा मिळून एक एन्हान्सर, चौथा-सहावा मिळून एक, पहिला, दुसरा, पाचवा आपापले. मायकल लेव्हिनच्या लॅबनं दुसऱ्याचा एन्हान्सर कापून रिपोर्टर जीनला (चालू झाला की डोळ्यांना दिसतो असा जीन) जोडला तर तो एकच पट्टा उमटला. एकच यंत्रणा असती तर असं झालं असतं का?

माळ फिरते ती पिठातल्या किड्यात. माशीत सगळे सेगमेंट जवळपास एकदम ठरतात, कारण तेव्हा अंड्यात सहा हजारांच्या आसपास केंद्रकं असतात पण मधे भिंती नसतात, प्रोटीन आरामात पसरतं, भिंती तीनेक तासांनी पुऱ्या होतात. किड्यात पुढचा भाग आधी ठरतो आणि पोटाचे सेगमेंट मागच्या टोकाकडनं एकामागून एक निघतात, तिथं पेअर-रूल जीन ठरावीक वेळानं चालू-बंद, चालू-बंद होत राहतात. २०१२ ला अ‍ॅव्हेरॉफ आणि मंडळींनी हे दाखवलं, एक फेरी दीड तासाच्या आसपास, एका फेरीत दोन सेगमेंट. किड्यात इव्हन-स्किप्ड बंद पाडला तर एक आड एक वगैरे भानगडच नाही, डोक्याचा पुढचा भाग सोडला तर सेगमेंटच पडत नाहीत. आणि बायकॉइड त्याच्याकडं नाहीच. डासाकडं पण नाही, डास तर माशीचा भाऊबंद!

त्या पेपरची झेरॉक्स माझ्या फाइलमध्ये होती, काढून टेबलावर ठेवली. सरांनी त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाले, "सिलॅबसमध्ये आहे तेवढं बोला." आमचे गाइड शेजारी बसून खिडकीतनं पार्किंग बघत होते. मार्क किती पडले ते विचारू नका.

त्यामुळं माझा सल्ला, माशीचं सगळं पक्कं ठेवा कारण मार्क त्यालाच आहेत, पण एक्सटर्नल "ऑल इन्सेक्ट्स" म्हणाले की नम्रपणे विचारायचं, सर डासात बायकॉइडचं काम कोण करतं? उत्तर येत नसेल तर चेहऱ्यावर कळतं. मी हे तेव्हा विचारायला पाहिजे होतं, बाहेर येऊन सात रस्त्याला चहा पिताना सुचलं.

आणि हो, एवढं वाचून व्हायव्हात सगळंच वेगळं असतं असं ठोकून देऊ नका. शेवटची पायरी, म्हणजे एन्ग्रेल्ड आणि विंगलेस शेजारी शेजारी बसून हद्द पक्की करतात ती, माशीत आणि किड्यात सारखीच आहे. तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर होतं म्हणा हवं तर, पण ते याबद्दल बोललेच नव्हते.