वाचकांचे प्रश्न : सोसायटीच्या भूखंडावर ‘बॉस्केट’ लावता येईल का?

प्रश्न : नेरुळच्या आमच्या सोसायटीत इमारतींच्या मागे २० मीटर रुंद आणि ३० मीटर लांब असा मोकळा भूखंड आहे. वास्तुरचनाकारांनी दिलेल्या आराखड्यात तेथे ‘बॉस्केट’ असे लिहिले असून समितीतल्या कोणालाच त्याचा उलगडा होत नाही. हा प्रकार देवराई किंवा मियावाकी वनापेक्षा वेगळा कसा, आणि आपल्या हवामानात त्यासाठी कोणती झाडे लावावीत?
— समितीचे एक सदस्य, नेरुळ

उत्तर : बॉस्केट म्हणजे शोभेसाठी ओळीने, मोजूनमापून लावलेली झाडी. इटली आणि फ्रान्समधल्या राजेरजवाड्यांच्या बागांत ही पद्धत वाढली आणि आंद्रे ल नोत्र यांनी चौदाव्या लुईसाठी १६६१ पासून व्हर्सायची जी बाग आखली, तिच्यात ती सर्वांत भरदार रूपात दिसते. बाहेरून कातरलेल्या कुंपणाची हिरवी भिंत आणि तिच्यावर डोकावणारे शेंडे एवढेच दिसतात. आतल्या वाटेने गेले की मात्र झाडीच्या मधोमध, वाड्यातल्या चौकासारखी, आभाळाखाली उघडी जागा लागते. व्हर्सायमध्ये अशा एका जागी पाण्याच्या पायऱ्या आणि नृत्याचे रिंगण आहे, तर दुसरीकडे ३२ संगमरवरी खांबांचे वर्तुळ. आपल्या आराखड्यात मधली मोकळी जागा दाखवलेली नसेल, तर ती आधी मागून घ्यावी, कारण तिच्यावाचून उरते ती केवळ लागवड.

देवराईत कोणी आखणी करत नाही. मियावाकी पद्धतीत एका चौरस मीटरला तीन-चार रोपे लावतात, त्यामुळे आत बसण्याफिरण्याला वाव राहत नाही. बॉस्केटचे जवळचे नाते आमराईशी आहे, फक्त येथे फळाची अपेक्षा नसते.

या रचनेत एक धोका आहे. एकाच जातीची, एकाच वयाची झाडे एकदमच थकतात. सोळाव्या लुईच्या काळात, १७७४ नंतर, व्हर्सायची जुनी झाडे सरसकट तोडून नवी लावावी लागली होती. डिसेंबर १९९९ च्या वादळाने तर तेथील दहा हजारांहून अधिक झाडे पाडली. मुंबईत पिठ्या ढेकणाने वाळलेले पर्जन्यवृक्ष अनेकांनी पाहिलेच असतील. म्हणून निदान दोन जाती घ्याव्यात.

कुंपणापासून अडीच मीटर आणि झाडाझाडांत पाच मीटर अंतर ठेवले, तर आपल्या भूखंडावर चार रांगांत प्रत्येकी सहा, म्हणजे २४ झाडांच्या जागा निघतात. मधल्या चार रिकाम्या ठेवल्या की १५ मीटर लांबीरुंदीची मोकळी जागा मिळते, आणि ज्येष्ठांच्या कट्ट्याला एवढी पुष्कळ झाली. या जागेला थेट लागून असलेल्या आठ ठिकाणी सीता अशोक आणि उरलेल्या बारा ठिकाणी बकुळ लावावी. दोन्ही सदाहरित आहेत. बकुळीचा घेर मुळातच गोल आणि दाट असल्याने फ्रेंच बागेसारखी सततची कातरणी लागत नाही. ती सावकाश वाढते, हे मात्र सभासदांना आधीच सांगून ठेवावे. कडेच्या हिरव्या भिंतीसाठी कुंती चांगली. प्रवेशद्वारापाशी हौसेने लावले जाणारे बॉटल पाम येथे आणू नयेत, कारण आपल्या उन्हात सावली हाच अशा झाडीचा खरा उपयोग आहे आणि ती या झाडांकडून मिळत नाही.

लागवडीआधी जमीन तपासून घ्यावी. नवी मुंबईत बरेच भूखंड भरावाचे आहेत. वरचा मुरूम काढून खड्ड्यात चांगली माती आणि कुजलेले शेणखत भरल्याशिवाय रोपे रुजणार नाहीत. भूखंडाखाली वाहनतळाचा स्लॅब असेल, तर मोठ्या झाडांचा बेत सोडून कुंतीवरच थांबावे. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक घट्ट बसवू नयेत, कारण मुळांपर्यंत पाणी जात नाही. जूनमधला पहिला दमदार पाऊस झाल्यावर रोपे लावावीत आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे. भूखंडावर आज उभी असलेली झाडे आखणीच्या आड येत असतील, तर रांग त्यांच्याभोवती वळवावी. सोसायटीच्या जागेतले झाडही १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही.