अमेरिकेबाहेरच्या लोकांना अमेरिका आणि तिथली राहणी नेमकी कशी वाटते?

प्रश्नकर्त्याने लिहिले आहे की, त्यांच्या वडिलांच्या मते अमेरिका हा नाती तुटलेला, भोगात बुडालेला देश आहे, मित्रांना तोच देश स्वर्ग वाटतो, आणि यातले खरे काय हे त्यांना उमगत नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई आहे. अमेरिकेत मी एकदाच, २०१७ च्या उन्हाळ्यात, मुलीकडे सिअ‍ॅटलला अडीच महिने राहिले. एवढ्या तोकड्या मुक्कामाच्या बळावर एरवी मी लिहायला बसले नसते. परंतु ‘तिथे माणसाला माणूस नाही’ हे वाक्य आमच्या घरात मी गेली कित्येक वर्षे ऐकत आले आहे, आणि ते चुकीचे आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

आमच्या पिढीची अमेरिकेशी पहिली ओळख रेशनच्या दुकानात झाली. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली मदत म्हणून येणारा गहू आमच्या लहानपणी आला आणि १९७२ च्या दुष्काळात तांबडी मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आली. तिची भाकरी थापताना चिरफळ्या व्हायच्या आणि खाल्ली तरी पोट भरल्यासारखे वाटत नसे. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तेव्हा सोळा वर्षांचा होता. ‘तिकडे हे ढोरांना घालतात,’ असे तो ताटावर बसून म्हणायचा, आणि ते खोटेही नव्हते, कारण अमेरिकेत ज्वारी मुख्यतः जनावरांच्याच खाद्यात जाते. त्याच्या आदल्या डिसेंबरात, बांगलादेशाच्या युद्धात, अमेरिकेच्या आरमाराची एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात आलेली होती. ज्याने धमकावले त्याचेच धान्य खावे लागत आहे, ही बोच दादाच्या मनातून कधीच गेली नाही. पुढे नव्वदीनंतर गावोगावची मुले संगणकाच्या कामासाठी तिकडे गेली आणि त्याच घरांमधून अमेरिकेची स्तुती ऐकू येऊ लागली. आपल्याकडे अमेरिकेविषयीचे मत बहुधा असेच बनते. त्या देशाने काय केले यापेक्षा आपल्या घरातले कोण तिथे आहे, यावर ते अधिक ठरते. तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर माझ्याकडे एवढेच आहे. पुढचे आमच्या घरातले आहे, पण ते सांगितल्यावाचून माझे म्हणणे कळणार नाही.

माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षांचा असताना, १९६३ साली, पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. पाचवीपासूनची शाळा गावापासून दीड मैलावर होती आणि वर्ग माडीवर भरत. दादा त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेई, शाळेच्या दारात पाठुंगळीला घेई आणि अठरा पायऱ्या चढवून बाकावर बसवी. संध्याकाळी पुन्हा आणायला जाई. दादाची मॅट्रिक झाली तेव्हा त्याला पुण्याला शिकायला पाठवायचे घरात ठरत आले होते. धाकट्याला शाळेत कोण नेणार, या एका कारणासाठी तो गेला नाही. धाकटा १९७७ साली दहावी पास होईपर्यंत हा क्रम चालू होता. एका पावसाळ्यात दादा हिवतापाने तीन आठवडे अंथरुणावर होता, तेव्हा धाकट्याची शाळा तीन आठवडे बुडाली आणि सहामाहीही बुडाली. गणितात तो वर्गात पहिला असे. पण कॉलेजात प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे असे सांगून त्याला विज्ञान शाखेऐवजी वाणिज्य शाखेचा अर्ज हातात देण्यात आला, आणि त्यात काही गैर झाले असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही.

सिअ‍ॅटलला मी त्याला माझ्याबरोबर नेले. तोवर कुबड्या सुटून तो चाकाच्या खुर्चीत बसू लागला होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मुलगी आम्हाला घेऊन शहर बसच्या थांब्यावर उभी राहिली. मला धाकधूक होती, कारण बसमध्ये चढवायचे म्हणजे दोघे-तिघे पुरुष लागतात, अशीच आयुष्यभराची सवय. बस आली, चालकाने कसलेसे बटण दाबले, आणि फुसकारा टाकून सगळी बस पदपथाच्या बाजूला खाली झुकली. दारातून एक फळी उलगडून पदपथाला टेकली. धाकटा आपल्या हातांनी चाके ढकलत आत गेला. पुढच्या आसनांवरचे दोघे कोणी न सांगता उठले, आसने वर दुमडली, चालक जागेवरून उठून आला, खुर्चीच्या सांगाड्याला पुढून-मागून पट्टे अडकवले, ते ओढून पाहिले आणि कुठे उतरायचे आहे ते विचारून पुन्हा जाऊन बसला. या साऱ्याला तीन-चार मिनिटे लागली असतील. बसमध्ये वीस-पंचवीस माणसे होती; कोणी घड्याळ पाहिले नाही, कोणी वळून पाहिले नाही, कोणी ‘अरेरे’ म्हटले नाही.

त्या दिवशी आम्ही वाचनालयात गेलो, बंदरावर गेलो, बोटीत बसून पलीकडच्या बेटावर जाऊन आलो. रात्री जेवताना धाकटा म्हणाला, “ताई, आज दिवसभरात मी एकदाही कुणाला ‘जरा हात देता का’ म्हणालो नाही.” थोड्या वेळाने त्याने दुसरी गोष्ट सांगितली. शाळेच्या सहा वर्षांत तो सकाळी उठल्यापासून पाण्याचा घोट घेत नसे, कारण मधल्या सुट्टीत मुतारीकडे न्यायला वर्गातल्या मुलांना सांगावे लागले असते. अमेरिकेत जिथे जिथे गेलो तिथे खुर्ची आत वळेल एवढे प्रशस्त, भिंतीला धरायचे दांडे बसवलेले स्वच्छतागृह त्याला दिसत होते, आणि त्यामुळे त्याला ते आठवले होते. मी त्याची सख्खी बहीण, एकाच घरात वाढलेली, त्यातून जन्मभर मुले शिकवलेली बाई. चाळीस वर्षांत मला हे ठाऊक नव्हते.

ही व्यवस्था अमेरिकनांच्या अंगी उपजत भलेपणा असल्यामुळे झाली, असे मला अजिबात म्हणायचे नाही. ती भांडून मिळवलेली आहे. लहानपणी पोलिओ झालेल्या ज्यूडी ह्यूमन यांना न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने चाकाच्या खुर्चीमुळे शिक्षिकेचा परवाना नाकारला, तेव्हा त्यांनी १९७० साली न्यायालयात जाऊन तो मिळवला. अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणाऱ्या १९७३ च्या कायद्याचे नियम सरकार काढीना म्हणून १९७७ साली अपंग माणसे सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसली. आमचा धाकटा दादाच्या पाठीवरून शेवटच्या अठरा पायऱ्या चढला, ते हेच वर्ष. पुढे मार्च १९९० मध्ये अनेकांनी आपल्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि संसदेच्या पायऱ्या ते हातांवर सरपटत चढले. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच वर्षीच्या २६ जुलैला अपंगांच्या हक्कांच्या मोठ्या कायद्यावर अध्यक्ष बुश यांची सही झाली. तिथली बस झुकते ती त्या कायद्याने.

परत आल्यावर हे सगळे मी दादाला सांगितले. तो शांतपणे म्हणाला, “तिकडे यंत्र उचलतं. आपल्याकडे भाऊ उचलतो.” मी म्हटले, “भाऊ तापानं पडला की शाळा बुडते.” त्यावर तो जेवण अर्धे टाकून उठून गेला. दादाला माझे बोलणे का लागले हे मला समजते. पायऱ्यांशेजारी बांधलेल्या साध्या उताराने जे काम होते त्यासाठी त्याने आपले शिक्षण सोडले, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो अर्थ सोसणे सोपे नाही. त्याची पाठ नसती तर धाकटा अक्षरशत्रू राहिला असता, हे मी त्याच्या तोंडावर सांगितले आहे आणि इथेही लिहिते. पण ज्या मुलाला असा दादा नसतो, त्याचे काय, याचे उत्तर त्याने मला कधी दिलेले नाही. आपण एखादा देश जोखताना तिथला मुलगा आईला विचारतो का, सून सासूजवळ राहते का, एवढेच पाहतो. ज्याचे आपल्याशी काही नाते नाही, ज्याची जातपात आणि गाव आपल्याला माहीत नाही, त्याच्यासाठी चार मिनिटे थांबायची तयारी समाजात आहे का, हेही माणुसकीचेच माप आहे. आणि या मापाने अमेरिका आपल्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे. हे स्पष्ट म्हटल्याने आपली संस्कृती बुडत नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. १९९५ चा होता, त्याच्या जागी २०१६ चा अधिक व्यापक कायदा आला. पण मी मुख्याध्यापिका असताना पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा सांगाडा, लावणाऱ्या एका मुलीसाठी उताराची मागणी केली, तेव्हा ठेकेदाराने दोन फूट उंचीच्या जोत्याला चार फुटांचा उतार बांधून दिला. नियमाने एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे तो चोवीस फुटांचा हवा होता. त्या उतारावरून ती मुलगी एकदाच उतरली आणि पडली. कागदावर शाळेला उतार आहे अशी नोंद झाली, आणि मी त्या कागदावर सही केली, याची टोचणी मला आजही आहे.

आता दुसरी बाजू, कारण नाहीतर तुमच्या मित्रांसारखी मीही स्वर्गाचे वर्णन करून मोकळी झाले असे होईल. मुलीच्या घरापासून दुधाच्या पिशवीसाठीसुद्धा गाडी काढावी लागते. अनेक उपनगरांतून पदपथच नाहीत, आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या कित्येक स्थानकांवर आजही लिफ्ट नाही. विमा नसताना आजारी पडणे तिथे इतके महाग आहे की, अडीच महिने मी रोज धाकट्याच्या प्रकृतीच्या धास्तीत होते. बंदूकधारी शिरला तर कुठे लपायचे याचा सराव माझ्या नातवाच्या शाळेत करून घेतात. मी शिक्षिका आहे, ते ऐकून मला झोप लागली नाही. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ सालीच मान्य केला, तर अमेरिकेच्या सिनेटमध्ये २०१२ साली तो पुरेशा मतांअभावी पडला. आणि शेजारच्या घरातल्या एकट्या राहणाऱ्या आजी माझ्याशी बोलायला निमित्त शोधत असत, ते पाहून दादाच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे हेही मला पटले. तुमच्या वडिलांना शक्य झाले तर एकदा तिकडे न्या, पण मॉल आणि धबधबे दाखवण्याआधी त्यांना शहर बसमधून हिंडवा.

गेल्या महिन्यात कराडला लग्न होते आणि आम्ही तिघे भावंडे एसटीने गेलो. स्थानकावर वाहक धावत आला, दोन कॉलेजची मुले आली, एका पैलवानासारख्या गृहस्थाने धाकट्याला सरळ कवेत घेऊन पायऱ्या चढवल्या, कोणी खुर्ची घडी करून टपावर बांधली, कोणी खिडकीजवळची जागा दिली. दादाने माझ्याकडे वळून म्हटले, “बघ, किती जणांनी हात लावला.” धाकट्याने सर्वांचे हात जोडून आभार मानले. दहिवडी सुटल्यावर मी त्याच्यापुढे पाण्याची बाटली धरली, तर त्याने मान हलवली आणि कराडला पोचल्यावर घेतो म्हणाला.