वोटकटवा कशाला? मतखाऊ म्हणा!

परळच्या एका ताईंचा प्रश्न आहे: तिसऱ्या उमेदवारामुळे मतं वाटली जातात, त्याला मतविभागणी म्हणायचं की मतविभाजन? आणि अशा उमेदवाराला 'वोटकटवा' म्हटलेलं चालेल का?

अजिबात नाही! निकालाच्या दिवशी लालबागच्या एका हॉटेलात टीव्हीसमोर बसलो होतो. निवेदिकेचं 'वोटकटवा, वोटकटवा' चाललेलं. शेजारचे आजोबा बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "त्या अपक्षानं मतं खाल्ली." संपला विषय. हिंदीत मतं कापतात, आपल्याकडे खातात. मतखाऊ म्हणा.

फक्त कोणी कोणाची खाल्ली, हे जपून बोलावं. २००९ च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत काँग्रेसचे मिलिंद देवरा निवडून आले. मनसेचे बाळा नांदगावकर दुसरे, शिवसेनेचे मोहन रावले तिसरे. दोघांची बेरीज देवरांच्या मतांहून जास्त. मनसेनं सेनेची मतं खाल्ली, असं सर्रास म्हटलं गेलं. पण पुढे तर नांदगावकर होते!

आता खरी मेजवानी. अपक्ष उभा राहणारा पुष्कळदा पक्षाचा बंडखोर असतो. यातला 'खोर' फारसी, 'खुर्दन' म्हणजे खाणे, त्यातून आलेला. म्हणजे मतं खाणाऱ्याच्या नावातच खाणं आहे! व्याकरणाची पुस्तकं 'खोर म्हणजे तशा स्वभावाचा' एवढं सांगून मोकळी होतात. ही टाळाटाळ आहे. लाचखोर लाच खातो, आदमखोर माणूस खातो. इथे स्वभाव कुठून आणला? भांडखोर, टवाळखोर ही नंतरची पिलावळ. मला तर वाटतं, पैसे खाणं, भाव खाणं, मार खाणं ही आपली सगळी खादाडी फारसीच्या शेजारानंच एवढी फोफावली. फारसीत पराभवसुद्धा खातात: 'शिकस्त खुर्दन' म्हणजे हरणे. शिकस्त म्हणजे मोडणे. तोच शब्द मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त' झाला, अगदी मोडून पडेपर्यंत केलेले प्रयत्न. अनामत जप्त झालेल्या उमेदवारानं प्रयत्नांची शिकस्त केली असं आपण लिहितो, तेव्हा फारसी जाणणाऱ्याला त्यात त्याची हारही ऐकू येते. मला हा शब्द फार आवडतो.

हां, मतविभाजन. ते सभागृहात मागतात, आवाजी मतदान मान्य नसलं की. ताई, तुम्हाला हवी ती मतविभागणी.