चार टीव्ही, पण रिसीव्हर किती? भाडे की खरेदी

प्रश्न: घरात चार टीव्ही आहेत: हॉलमध्ये, आमच्या खोलीत, आई-बाबांच्या खोलीत आणि मुलांच्या खोलीत. डिशवरून सध्या एकच केबल हॉलमध्ये येते. सेवा कंपनी म्हणते, एक मुख्य रेकॉर्डर आणि तीन छोटे बॉक्स भाड्याने घ्या. करार २४ महिन्यांचा. मला वाटते, चार साधे रिसीव्हर विकतच घ्यावेत, म्हणजे भाड्याची कटकट नको. मुलांच्या टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर आतच आहे. दरपत्रक सोबत जोडले आहे. पाच वर्षांचा विचार करता काय परवडेल?

उत्तर: तुमच्या हिशेबातून एक खर्च सुटला आहे, जादा कार्डांचा. रिसीव्हर तुमच्या मालकीचा असला तरी सशुल्क चॅनेल दिसायला त्यात कंपनीचे चालू कार्ड (चॅनेल उघडणारे चिपचे कार्ड) लागते. तुमच्या दरपत्रकात दुसऱ्या कार्डापासून पुढे प्रत्येकाला मासिक आकार आहे, आणि तो छोट्या बॉक्सच्या भाड्याइतकाच आहे.

सोयीसाठी छोट्या बॉक्सचे महिन्याचे भाडे १ भाग धरू. मूळ पॅकचे पैसे कुठेही गेलात तरी तेवढेच, म्हणून ते बाजूला ठेवले. भाड्याच्या योजनेत मुख्य रेकॉर्डरचे २ आणि तीन छोट्या बॉक्सचे ३, म्हणजे दरमहा ५ भाग. पाच वर्षांत ३००. तुमच्या योजनेत चार रिसीव्हर प्रत्येकी २४ प्रमाणे ९६, नवा एलएनबी (डिशसमोर बसणारा, सिग्नल पकडून केबलमध्ये पाठवणारा भाग) आणि केबल २८, आणि तीन जादा कार्डांचे ६० महिन्यांचे १८०. बेरीज ३०४, आणि त्यात रेकॉर्डिंग नाहीच. म्हणजे बॉक्स विकत घेऊनही कटकट सुटत नाही, फक्त तिला भाडे म्हणायचे थांबते.

म्हणून टीव्ही मोजू नका. एका वेळी किती वेगवेगळे सशुल्क चॅनेल लागतात, ते मोजा. आठवडाभर रात्रीच्या गर्दीच्या वेळी कागदावर टिपून ठेवा. दोनच्या वर आकडा क्वचितच जात असेल, तर माझे मत असे: हॉलसाठी दोन ट्यूनरचा, म्हणजे एका वेळी दोन चॅनेल पकडणारा, रेकॉर्डर विकत घ्या (४८ भाग), आई-बाबांसाठी साधा रिसीव्हर (२४), आणि मुलांच्या टीव्हीला थेट केबल द्या. त्यावर फुकट चॅनेल बॉक्सशिवाय दिसतील. तुमच्या खोलीतल्या टीव्हीवर सेवेचे ॲप चालते का पाहा. चालत असेल तर तिथे काहीच घ्यायला नको. सुरुवातीचा खर्च केबलचे २८ धरून १००, एका जादा कार्डाचे पाच वर्षांत ६०, दुरुस्तीसाठी राखीव २०. एकूण १८०. चारही खोल्यांत सगळे सशुल्क चॅनेल यात मिळत नाहीत, हे घरात आधीच सांगून ठेवा.

भाड्याच्या तुलनेत दरमहा ४ भाग वाचतात, त्यामुळे सुरुवातीचे १०० भाग वसूल व्हायला २५ महिने लागतात. दोन वर्षांत घर बदलण्याची शक्यता असेल तर सरळ भाड्याने घ्या. जुन्या रिसीव्हरची विक्री किंमत मात्र हिशेबात शून्यच धरा.

खरा घोळ होतो तो केबलमध्ये. एक केबल स्प्लिटरने फोडून दोन खोल्यांना देऊ, असे कोणी सुचवले तर नको म्हणा. रिसीव्हर एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून ध्रुवण (लहरी उभ्या की आडव्या) निवडतो आणि २२ किलोहर्ट्झच्या टोनने फ्रिक्वेन्सीचा वरचा किंवा खालचा पट्टा. एकाच आउटपुटवर दोन रिसीव्हर वेगवेगळे हुकूम देऊ लागले की एका खोलीत चॅनेल बदलताच दुसऱ्या खोलीतले चित्र जाते. म्हणून दर ट्यूनरला एलएनबीपासून स्वतंत्र केबल हवी. हॉलच्या रेकॉर्डरला दोन, आई-बाबांना एक, मुलांना एक: क्वाड एलएनबीची चारही आउटपुट भरली. पुढे पाचवी लागेलसे वाटत असेल तर आताच आठ आउटपुटचा ऑक्टो बसवा. क्वात्रो नावाचाही एलएनबी मिळतो आणि त्यालाही चारच आउटपुट असतात, पण तो फक्त मल्टीस्विचसोबत (सिग्नल अनेक रिसीव्हरना वाटणाऱ्या पेटीसोबत) चालतो. तो चुकून थेट जोडला तर प्रत्येक खोलीत एक चतुर्थांशच चॅनेल लागतात आणि दोष बिचाऱ्या रिसीव्हरवर जातो.

चार केबल ओढणे शक्यच नसेल तर युनिकेबल पद्धतीचा एलएनबी घ्या. त्यात एका केबलवर अनेक ट्यूनर चालतात, पण प्रत्येक रिसीव्हरला, मुलांच्या टीव्हीलाही, ती पद्धत कळायला हवी आणि दर ट्यूनरला वेगळा पट्टा नेमून द्यावा लागतो. केबल आरजी-६, आतली तार पूर्ण तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार लांब अंतरावर व्होल्टेज खाते. बाहेरच्या जोडांवर जलरोधक टेप लावा. जोडात पाणी शिरले की पहिल्या पावसातच सिग्नल ढासळतो.

विकत घेण्याआधी एक गोष्ट कंपनीकडून लेखी घ्या: तुमचे कार्ड दुसऱ्या बनावटीच्या रिसीव्हरमध्ये चालते का. काही कार्डे ठराविक बॉक्सशी जोडलेली असतात, आणि तसे असेल तर वरचे सगळे गणित रद्द. कंपनीचाच बॉक्स घ्यावा लागेल. रिसीव्हर डीव्हीबी-एस२ (सॅटेलाइट प्रसारणाची पद्धत) आणि एचईव्हीसी (चित्र दाबून छोटे करण्याची पद्धत) दोन्ही वाचणारा हवा. डिस्क फार मोठी नको: ८ मेगाबिट गतीच्या एचडी चॅनेलचा एक तास सुमारे ३.६ जीबी होतो, म्हणजे १ टीबीत २७५ तासांच्या आसपास बसतात. सशुल्क चॅनेलचे रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सला कुलूपबंद असते. बॉक्स बिघडला की तेही गेले.

विजेचा खर्चही धरा. स्टँडबायमध्ये १० वॅट खाणारा बॉक्स वर्षभर जोडलेला राहिला तर जवळजवळ ८८ युनिट होतात, चार बॉक्सचे ३५०. भाड्याच्या योजनेत छोटे बॉक्स मुख्य बॉक्सकडून चित्र घेतात; तो गाढ स्टँडबायमध्ये (जवळजवळ पूर्ण बंद) गेला तर तेही बंद पडू शकतात, म्हणून तिथे ही बचत अनेकदा करताच येत नाही.

आणि भाड्यानेच घ्यायचे ठरले तर सहीआधी विचारा: मुख्य बॉक्सला ट्यूनर किती, रेकॉर्डिंग चालू असताना छोट्या बॉक्सना त्यातले किती उरतात, २४ महिन्यांनंतर भाडे किती, आणि बॉक्स परत करताना हरवलेल्या रिमोटचे व अडॅप्टरचे किती कापतात.