टीनएज चेटकिणींच्या भयपटांत लोकांना एवढं काय आवडतं?

तुम्ही लिहिलंय की ‘द क्राफ्ट’ पाहिला, घाबरण्यासारखं काहीच सापडलं नाही, मग लोक इतकी वर्षं त्याला का धरून बसलेत? भीती मलाही वाटली नाही. पण जे तो पुन्हा पुन्हा बघतात ते घाबरायला बघतच नाहीत. जादू हाताशी आलेल्या त्यातल्या चार शाळकरी मुली मागतात काय, तिकडे लक्ष द्या.

१९९६ चा सिनेमा, दिग्दर्शक अँड्र्यू फ्लेमिंग, लॉस एंजेलिसमधली एक कॅथलिक शाळा. बॉनीच्या अंगावर भाजल्याचे व्रण आहेत, ते तिला जायला हवेत. रोशेल कृष्णवर्णीय आहे; वर्गातली एक गोरी मुलगी तिला तोंडावर हिणवते, तिला अद्दल घडायला हवी. सारा शाळेत नवीन. ज्या मुलाने तिच्याबद्दल शाळाभर खोटंनाटं पसरवलं, त्याच मुलाचं आपल्यावर प्रेम बसावं असं तिला वाटतं. (सगळ्यात वेडगळ मागणं हेच, आणि त्या वयाला सगळ्यात शोभणारंही.) नॅन्सी आई आणि मारकुट्या सावत्र बापाबरोबर ट्रेलरमध्ये राहते, तिला मात्र सगळीच ताकद हवी आहे. म्हणजे चौघींपैकी तिघींना अघोरी शक्ती हाताशी आल्यावर काय हवं असतं, तर धड कातडी, थोडा मान आणि एक मुलगा. राज्य नको, अमरत्व नको.

मला वाटतं सगळी ओढ इथे आहे. पंधरा-सोळाच्या वयात मुलीचा राग कुणी मनावर घेत नाही. ‘वय आहे तिचं, होईल शांत’ म्हणून विषय संपतो. या सिनेमांत तिला राग आला की खरोखर काहीतरी होतं. रोशेलला छळणारीचे केस पुंजक्यांनी गळायला लागतात. ‘कॅरी’त (१९७६, ब्रायन डी पाल्मा) तर अख्खा हॉल पेटतो. कॅरी खरं तर चेटकीण नाही, नुसत्या मनाने वस्तू हलवू शकते. पण आई तिला चेटकीणच ठरवते, आणि पहिल्या पाळीच्या वेळी वर्गातल्या मुली तिच्यावर हसतात तो प्रसंग पुढच्या सगळ्या रक्तापेक्षा बघवत नाही. भयपटातलं भय शाळेतच असतं, जादू हा त्यावरचा उतारा.

दुसरी गोष्ट टोळीची. ‘द क्राफ्ट’मधल्या तिघी आधीपासून मंत्रतंत्र करत असतात, पण चार दिशांना चार जणी लागतात. जिला कुठेच जागा नाही तिच्यावाचून त्यांचं अडलेलं असतं! शाळेत एकटं जेवलेल्या कुठल्याही माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

‘द विच’ (२०१५, रॉबर्ट एगर्स) पाहिला नसेल तर जरूर बघा. काळ १६३० च्या दशकातला, जागा न्यू इंग्लंड. वस्तीतून बाहेर पडलेलं एक कर्मठ कुटुंब जंगलाच्या कडेला राहतं, पीक बुडालेलं, तान्हं मूल नाहीसं झालेलं. खापर फुटतं ते थोरल्या मुलीवर, थॉमसिनवर. शेवटी सैतान तिला आमिष दाखवतो ते कशाचं? लोण्याच्या चवीचं. एका चांगल्या कपड्याचं. जग बघायला मिळण्याचं. आईबापांनी तिला दुसऱ्याच्या घरी चाकरीला धाडायचं ठरवलेलं असतं, हे आपण आधी ऐकलेलं आहे; त्यामुळे ती हो म्हणते तेव्हा तिला दोष द्यायला जीभ रेटत नाही.

गंमत म्हणजे १६९२ साली न्यू इंग्लंडमधल्याच सेलम गावात चेटकिणींवर खरेखुरे खटले चालले, तेव्हा हे चित्र उलटं होतं. तिथे लहान मुली चेटकिणी नव्हत्या, आरोप करणाऱ्या होत्या. बेट्टी पॅरिस ९ वर्षांची, ॲबिगेल विल्यम्स ११ वर्षांची. एरवी ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांच्या बोलण्यावर न्यायाधीश चालले आणि १९ जण फासावर गेले.

आपल्याकडे शाळकरी चेटकीण का रुजली नाही, असा प्रश्न मला पडतो. आपली चेटकीण एकतर बालनाट्यातली वाकड्या नाकाची, नाहीतर हडळ, म्हणजे आधीच मेलेली. बाईला ताकद मिळणार ती मेल्यावर. आणि सातपुड्याच्या पाड्यांवर ज्या जिवंत बाईला डाकीण ठरवतात तिच्याकडे ताकद कसली, मार खाणंच असतं. असा ठपका ठेवणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा झालं, ते त्यामुळेच. तिथे यातली मजा घेता येत नाही.

आता तक्रार. हे सिनेमे आपल्याच नायिकांना घाबरतात. ‘द क्राफ्ट’चा पहिला अर्धा भाग मुलींच्या बाजूने, नंतर एकदम उपदेश: जे कराल ते तिपटीने परत येईल. ते येतं कुणावर, तेही बघा. मोठ्या घरातल्या साराची शक्ती शाबूत राहते. ट्रेलरमधली नॅन्सी मनोरुग्णालयात पलंगाला बांधलेली. जिला सगळ्यात जास्त गरज होती तिलाच सगळ्यात मोठी शिक्षा, आणि दिग्दर्शकाला त्यात काही खटकल्याचं दिसत नाही.

२०२० च्या ‘द क्राफ्ट: लेगसी’ने हे दुरुस्त करायचा प्रयत्न केला. मुली एकमेकींवर उलटत नाहीत, खलनायक घरातलाच पुरुष. विचार योग्य, सिनेमा मिळमिळीत. त्यातला राग कुणाला चटकाच देत नाही. त्यापेक्षा जुनाच एकदा परत लावा आणि साराला सोडून फक्त नॅन्सीकडे बघा. फेरुझा बाल्कने ती अशी केली आहे की सावत्र बापाच्या विम्याच्या पैशातून आई हौसेने ज्यूकबॉक्स विकत घेते, तेव्हा हसावं की गप्प बसावं ते कळत नाही.