एनएस २०० ट्रॅफिकमध्ये तापते आणि चेन वाजते: इंजिन उघडण्याआधी घरी काय बघाल

भाऊ, तुमची २०१९ ची बजाज पल्सर एनएस २०० मोटरसायकल परभणी-जालना रस्त्यावर नीट चालते, पण गावात शिरून गर्दीत अडकली की तापमानाचा दिवा लागतो. चेनही वाजते. गॅरेजवाले इंजिन खोलायचं म्हणतात आणि तुम्ही विचारताय, यातलं घरी काय जमेल. माझं स्पष्ट मत आहे की इंजिन खोलू देऊ नका. हायवेला तापत नाही आणि गर्दीत तापते, यातच बरंचसं उत्तर आलं. धावत्या गाडीला वाऱ्याने गारवा मिळतो. उभ्या गाडीत ते काम एकट्या फॅनचं. हायवेलाही तापली असती तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप), कूलंट फिरवणारा वॉटर पंप यांच्यावर संशय घेतला असता.

तेव्हा सुरुवात फॅनपासून. गाडी मोकळ्या जागेत उभी करून चालू ठेवा आणि तापू द्या. फॅन फिरायला हवा. दिवा लागला तरी फिरत नसेल तर लगेच इंजिन बंद करा, आधी फ्यूज बघा, मग फॅनचा कनेक्टर. तिथे धूळ-चिखल जाऊन गंज धरतो. फॅन ठीक असेल तर रेडिएटरच्या जाळीत बघा. उसाच्या ट्रॉल्यांमागून आणि कापसाच्या दिवसांत फिरणाऱ्या गाडीची जाळी माती, किडे आणि तंतूंनी बुजलेली असते. बाहेरून नुसती मळकी दिसते, पण उजेडाकडे धरून बघितलं तर आरपार दिसत नाही. मऊ ब्रश आणि अर्धी बादली पाणी पुरतं, पाणी मागच्या बाजूने पुढे सोडायचं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जाळीवर मारू देऊ नका, पातळ पात्या वाकतात आणि मग हवा कायमची अडते. शिवाय ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात गाडी पाइपने धुणं मला पटतच नाही.

आता कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता रेडिएटरपर्यंत नेणारा द्रव. ‘मध्ये कुणीतरी पाणी टाकलं होतं’ असं तुम्ही लिहिलंय. ते बोअरचं असेल तर सगळं काढून टाका. आपल्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरी खपली धरते, तीच आतल्या बारीक वाटांमध्ये धरते. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं इथिलिन ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असेल तर साधारण १०७, आणि रेडिएटरच्या झाकणाने धरलेल्या दाबामुळे त्याहूनही वर. एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२ अंश असतं, तेव्हा हा फरक फार मोलाचा. झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं कूलंट तोंडावर येतं. भरल्यावर झाकण उघडं ठेवून इंजिन उभ्या जागीच थोडा वेळ चालू ठेवा, बुडबुडे निघून जाऊ द्या, पातळी उतरली की पुन्हा भरा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणही बदला. जुनं कूलंट कुत्र्या-गुरांच्या तोंडी लागेल असं सांडू नका, ते विषारी आहे.

चेनसाठी आधी स्टँडची सोय करा. या गाडीला फक्त साइड स्टँड आहे, आणि विटांवर चढवलेली गाडी अंगावर येते. मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड घ्या, किंवा शेतीची अवजारं करणाऱ्या वेल्डरकडून करून घ्या. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसणारे बघतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. बोटं जातात हो. चाक हातानेच फिरवा. ओ-रिंगची चेन (कड्यांमध्ये रबराच्या रिंगा असलेली) रॉकेलने आणि मऊ ब्रशने साफ होते, पेट्रोल लावलं तर रबर खराब होतं. वाळल्यावर ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने लावा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी वरचं पुसून टाका. हे पुसणं लोक विसरतात. ओल्या तेलावर आपली धूळ बसली की त्याची पॉलिश पेपरसारखी घासणी होते.

ताण मोजताना चेन जिथे सर्वांत घट्ट लागते तिथे मोजा, आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. घट्ट चेन शांत वाटते, पण गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. मागच्या चाकाच्या दोन्हीकडच्या खुणा सारख्या ठेवा. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे दात एका बाजूला झुकले असतील तर ताणून उपयोग नाही, पूर्ण सेटच बदला. नवी चेन जुन्या दातांवर लवकर जाते.

ऑइल घरी बदलता येतं. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (मोटरसायकलच्या ऑइलचं मानक) बघा, कारचं ऑइल टाकलं की क्लच घसरू शकतो. ड्रेन बोल्ट (खालून ऑइल काढायचा) आधी हाताने फिरवून बसवा, अॅल्युमिनियमचे आटे गेले तर खर्च मोठा. एअर फिल्टर मात्र पुस्तकातल्या किलोमीटरपेक्षा आधीच काढून बघा. ते वेळापत्रक मातीच्या रस्त्यांसाठी नाही. कागदी फिल्टर धुऊ नका, बदला. स्पार्क प्लग या इंजिनात तीन आहेत, बदलताना तिन्ही बदला. सहज हाती लागणारा एकच बदलून तिघांचे पैसे घेतले जातात, म्हणून जुने परत मागा.

ब्रेक पॅड बदलले तर गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबा. एबीएसच्या ब्रेकमधली हवा काढणं, फोर्कचे (पुढच्या शॉकचे) सील आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हमधली बारीक फट) मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच. क्लिअरन्स गार इंजिनवर फिलर गेजने (मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायला सांगा आणि मोजलेले आकडे कागदावर लिहून घ्या.