राइस पेपर रोल : कागद पाण्यातून कडकच बाहेर काढावा

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. राइस पेपर, म्हणजे भाज्या गुंडाळून खायचा तांदळाच्या पिठाचा पातळ कागद, भिजवला की तो ताटाला आणि बोटांना चिकटतो, गुंडाळताना मधोमध फाटतो, आणि सकाळी करून डब्यात दिलेले रोल दुपारपर्यंत चिवट होतात. यांतील पहिल्या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे कागद पाण्यात फार वेळ राहतो. तिसरीचे कारण वेगळे आहे, त्याकडे नंतर येते.

पाकिटावर बहुधा ‘मऊ होईपर्यंत पाण्यात ठेवा’ अशी सूचना असते. सिडनीला आल्यावर पहिल्यांदा हे रोल केले तेव्हा मीही ती शब्दशः पाळली, आणि वर शहाणपणा करून दहा कागद एकदम कढत पाण्याच्या परातीत सोडले. पाच मिनिटांनी परातीत एकच पांढरट, बुळबुळीत गोळा उरला होता, आणि पाहुण्यांना गाजर-काकडीची कोशिंबीर वाढावी लागली. पुढे आमच्या शेजारच्या व्हिएतनामी आजींनी त्यांच्या ओट्याशी उभे करून मला दाखवले, की कागद पाण्यात मऊ करायचाच नसतो. तो पाण्यातून फक्त फिरवून आणायचा असतो.

आपल्याकडच्या पोह्यांवरून हे चटकन समजेल. जाडे पोहे आपण पाण्यात बुडवून ठेवत नाही, चाळणीत धुऊन निथळत ठेवतो, आणि अंगच्या ओलाव्यावर ते आपोआप मऊ होतात. राइस पेपरचेही तसेच आहे. पसरट ताटात कोमट पाणी घ्यावे, हात घातला तर गरम लागू नये इतपतच. एक कागद त्यातून पाच ते आठ सेकंदांत फिरवून काढावा, पाणी निथळू द्यावे आणि ओल्या पाटावर पसरावा. या क्षणी तो अजून कडकच असतो, हातात पापडासारखा ताठ राहतो, आणि नेमके इथेच नवशिक्या माणसाचा धीर सुटून तो पुन्हा पाण्यात जातो. तसे करू नये. तुम्ही त्यावर भाजी मांडेपर्यंत, म्हणजे अर्ध्यापाऊण मिनिटात, तो कडेपासून सैल पडत जातो आणि गुंडाळायच्या वेळी मऊ तरीही चिवट झालेला असतो. खाली संगमरवरी पोळपाट असेल तर उत्तम. लाकडी असेल तर तो आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, कारण कोरड्या लाकडाला कागद धरून बसतो.

हा कागद कसा बनतो हे कळले की त्याचा स्वभावही कळतो. व्हिएतनाममध्ये उकळत्या पाण्याच्या भांड्याच्या तोंडावर ताणून बांधलेल्या कापडावर तांदळाच्या पिठाचे पातळ वाटण पसरतात, झाकण ठेवून वाफवतात, आणि ती नाजूक चकती काठीवर अलगद उचलून बांबूच्या तट्ट्यावर उन्हात वाळवतात. वाळलेल्या कागदावर दिसणारी जाळीदार नक्षी त्या तट्ट्याचीच असते. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात सालपापड्या होत असत, त्यांना यात नवल वाटणार नाही. तांदूळ भिजवून, वाटून, ताटल्यांवर वाफवून साल सोलल्यासारखी काढलेली आपली सालपापडी या कागदाची सख्खी बहीण शोभेल. वाळत घालण्याआधीच मुले ज्या ओल्या सालपापड्या तेल लावून मटकावतात, तसा न वाळवलेला ओला पदार्थ तिकडेही खातात आणि त्याला ‘बान्ह उऔत’ म्हणतात, ज्यातील ‘उऔत’चा अर्थच ओला असा आहे. वाळलेला कागद म्हणजे ‘बान्ह त्रांग’. ताय निन्ह प्रांतातील त्रांग बांग इथला कागद तर रात्रीच्या दवात ठेवून मऊ करतात, त्यामुळे तो खाताना पाण्यात बुडवावाच लागत नाही.

दुकानातल्या कागदात तांदळाबरोबर पुष्कळदा टॅपिओकाचे, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या कंदाचे, पीठ असते. टॅपिओका जास्त असलेला कागद पारदर्शक दिसतो, ताणला जातो आणि सहसा फाटत नाही, पण चिकटतो जास्त. नुसत्या तांदळाचा कागद त्या मानाने ठिसूळ. तुम्ही नव्याने शिकत आहात तेव्हा टॅपिओकाचा आणि २२ सेंटिमीटर व्यासाचा घ्यावा. लहान कागदात सारण मावत नाही आणि मोठा आवरत नाही.

आता सारण. ज्या पदार्थाला आपण राइस पेपर रोल म्हणतो, त्याचे दक्षिण व्हिएतनाममधले नाव ‘गोइ कुओन’, म्हणजे गुंडाळलेली कोशिंबीर, आणि तो मुळात कोळंबी व डुकराच्या मांसाचा असतो. शाकाहारी प्रकार मात्र कोणा परक्याने शोधलेला नाही. तिथले अनेक बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या हिशेबाने, मांस-मासे वर्ज्य करतात, आणि त्या जेवणाला ‘चाय’ म्हणतात. (उपाहारगृहात ‘चाय’ लिहिलेले दिसले तर चहा मागवू नये.) मांसाऐवजी त्यात टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, येतो.

बारा रोलसाठी मी २०० ग्रॅम घट्ट टोफू घेते, फडक्यात गुंडाळून वर वरवंटा ठेवून त्यातले पाणी काढते, बोटाएवढ्या कांड्या तेलात सोनेरी परतते आणि उतरवताना चमचाभर सोया सॉस घालते. पनीर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. चालते, पण थंड पनीर दाताला रबरासारखे लागते, म्हणून माझे मत टोफूलाच आहे. त्याशिवाय १०० ग्रॅम कोरड्या तांदळाच्या बारीक नूडल्स शिजवून गार पाण्याखाली धुऊन पूर्ण निथळलेल्या, एक मोठे गाजर, दोन काकड्या, लेट्यूसची पाने आणि दोन मुठी पुदिना, तुळशीच्या जातीचा थाई बेसिल व कोथिंबीर एवढे लागते. आपल्या गव्हाच्या शेवया इथे उपयोगाच्या नाहीत. कोकणातले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, मी एकदा घालून पाहिले. चवीला छान लागले, पण जाड असल्यामुळे रोल फुगला.

भाजी कोरडी असणे हे कागदाइतकेच महत्त्वाचे आहे. काकडीच्या बिया चमच्याने खरवडून टाकाव्यात, गाजर काडीसारखे लांब चिरावे, पाने धुऊन फडक्यावर टिपून घ्यावीत, आणि मीठ कशालाही लावू नये, कारण मिठाने पाणी सुटते आणि त्या पाण्याने आतून भिजलेला कागद हातातच उकलतो. मिठाचे सारे काम चटणीवर सोडावे.

मांडताना कागदाच्या खालच्या तिसऱ्या भागावर आधी लेट्यूसचे पान ठेवावे. गाजराची टोके त्यामुळे कागदाला टोचत नाहीत. त्यावर थोड्या नूडल्स, गाजर, काकडी, टोफू. पुदिन्याची दोन-तीन पाने मात्र सारणाच्या पलीकडे, कागदाच्या मोकळ्या भागावर पालथी ठेवावीत. शेवटचा वेढा बसला की ती पारदर्शक कागदाखालून हिरवीगार दिसतात. खालची कड सारणावर घेऊन बोटांनी सारण आपल्याकडे ओढत घट्ट दाबावे, मग दोन्ही बाजू आत दुमडाव्यात आणि उरलेले गुंडाळत जावे. सुरळीच्या वडीला जो हलका हात लागतो तो इथे उपयोगी नाही. सैल गुंडाळलेला रोल पहिल्याच घासाला सुटतो. सारण मात्र जिवावर येईल इतके कमी घ्यावे.

चटणीसाठी तेलात दोन लसूण पाकळ्या परताव्यात, त्यात दोन चमचे होइसिन (सोयाबीनचा दाट, गोडसर चिनी) सॉस, तेल सुटेपर्यंत वाटलेले तीन चमचे शेंगदाण्याचे कूट आणि लागेल तसे पाणी घालून एक उकळी आणावी, वरून भरड कूट आणि लाल मिरची घालावी. होइसिन मिळाला नाही तर सोया सॉस, थोडा गूळ आणि लिंबू यांवर भागते. दुसरी प्रसिद्ध पातळ चटणी ‘नुओक माम’, म्हणजे माशाच्या सॉसची असते, तेव्हा बाहेर खाताना शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावे.

आता डब्याची गोष्ट. रोल चिवट होतात त्याचे एक कारण हवेने सुकणे आणि दुसरे फ्रिज. फ्रिजमध्ये ठेवलेला भात जसा टणक होतो, तसाच तांदळाचा कागदही थंडीत आवळून कडक होतो, आणि भाताप्रमाणे तो पुन्हा गरम करता येत नाही, कारण आत कच्ची पाने असतात. म्हणून आदल्या रात्री रोल करू नयेत. भाज्या चिरून, टोफू परतून, चटणी करून ठेवावी आणि सकाळी फक्त गुंडाळावे. प्रत्येक रोल लेट्यूसच्या पानात किंवा पातळ प्लॅस्टिकमध्ये वेगळा गुंडाळावा, एकमेकांना टेकले तर ते वेगळे करताना सालटी निघतात. खोलीच्या तापमानाला दोन-तीन तास ते चांगले राहतात. त्याहून उशिरा जेवण असेल तर डब्यासाठी दुसरे काही करावे.

घरी चार माणसे जमणार असतील तर मी रोल करतच नाही. मधोमध कोमट पाण्याचे ताट, भोवती भाज्या, आणि ज्याने त्याने आपला गुंडाळावा. पाकिटात तुटलेले कागद निघतातच, ते टाकू नयेत. कडकडीत तेलात सोडले की साबुदाण्याच्या पापडीसारखे क्षणात पांढरेशुभ्र फुलतात, आणि आमच्या घरी मूळ रोलच्या आधी तेच संपतात.